जयमालाबाईंची मागची पट्टी

आमच्या कंपनीला दर मार्चच्या आत पुण्य करावं लागतं. कायदाच तसा आहे. नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजासाठी खर्च करायचा आणि तो झाला हे फोटोंसकट दाखवायचं. ते फोटो माझ्याकडे असतात. माझा हुद्दा ऐकायला भारदस्त आहे, सहायक व्यवस्थापक, सामाजिक दायित्व. काम म्हणजे फीत कापताना साहेबांच्या तोंडावर सावली पडणार नाही एवढं बघणं.

त्या वर्षी ऑटिझम निघाला. निघाला म्हणजे यादीतून. शाळांचे संडास शेजारच्या कंपनीनं आधीच धरले होते. आम्ही तीन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांपैकी दाखवण्यासारखं एकही उरलं नव्हतं. आमचे प्रमुख शेखर साहेब म्हणाले, "लहान मुलं, बाग, थेरपी. फोटो छान येतील." अशा खोल विचारानंतर पिंपळे सौदागरमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर स्वमग्न मुलांसाठी 'सेन्सरी पार्क' करायचं ठरलं. या मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी लागतो, म्हणून त्यांना सोसेल अशी मोकळ्यावरची जागा, असा त्याचा अर्थ. मला हे नंतर कळलं. साहेबांना अजून कळायचंय.

या बागेपायी मला जयमाला कड भेटल्या.

जयमालाबाई मूळच्या चाकणजवळच्या एका वाडीतल्या. वडिलांची शेती, पण मुलीचं अक्षर आणि रेघ सरळ, म्हणून मास्तरांनी सांगितलं आणि तिला आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या ट्रेडला घातलं. तेव्हापासून त्या चाकणच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांना लागणारी हत्यारं घडवणाऱ्या वर्कशॉपात, फिक्श्चरची ड्रॉइंग काढतात. वेल्डिंग होताना गाडीचा पत्रा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा साचा, तो फिक्श्चर. सोळा वर्षं हेच काम. नवऱ्याचं नाव मुरारी, तो फोर्जिंगच्या कारखान्यात तीन शिफ्टमध्ये. घर दापोडीत, रेल्वेलगतच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. आणि एक मुलगी, पुनम, तेव्हा नऊ वर्षांची.

पुनम फार तर सात-आठ शब्द बोलते. ती तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा सासूबाईंनी अंगारा आणला. नणंदेनं मोबाईलला दोष दिला, आणि एका नावाजलेल्या शाळेनं दोन आठवड्यांत मुलगी परत केली, 'इतर पालकांचा आग्रह' असं चिठ्ठीत लिहून. या सगळ्या शहाण्या माणसांत पुनमकडे नीट बघणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला बघण्याचाच पगार मिळत होता. जयमालाबाईंनी कंपनीतल्यासारखी एक वही केली. काय झालं, किती वाजता, त्याआधी काय होतं. कुकरची शिट्टी वाजली, कानावर हात, जमिनीवर अंग टाकलं. पन्नास फुटांवरून रेल्वेगाडी गेली, काहीच नाही. असं महिनाभर. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी येण्याआधी फरशीला बारीक थरथर येते, पुनमच्या तळव्यांना ती आधी कळते. शिट्टी कुणाला विचारून येत नाही. मुलीला आवाजाची भीती नव्हती, अचानकपणाची होती. ज्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर तासनतास बसावं लागे, त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

पालकांची बैठक आम्ही वाकडच्या एका हॉटेलात ठेवली होती. एसी इतका जोरात की आया पदर लपेटून बसल्या होत्या. डिझायनर अंजली मॅडमनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. निळ्या-पिवळ्या रबराची जमीन, तीन माणसं उंचीच्या धातूच्या नळ्या, त्यांवर दांडकं मारलं की घंटा वाजणार. चकचकीत स्टीलच्या लाटा, त्यांत मुलांनी स्वतःला बघायचं. चित्रातली मुलं गोरीपान होती आणि सगळी हसत होती. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग जयमालाबाई उठल्या. टूलरूमचा निळा शर्ट, वर ओढणी, थेट शिफ्टवरून आलेल्या.

"दुपारी एक वाजता एप्रिलमधे हे रबर किती तापंल?"

"आम्ही चांगल्या दर्जाचं मटेरियल वापरतो," मॅडम म्हणाल्या.

"दर्जाचं न्हाई विचारलं. तापमान विचारलं. आमची मुलगी चप्पल घालत नाही."

मॅडमनी शेखर साहेबांकडं पाहिलं. साहेब हसले.

"आन् मूल घाबरलं तर त्यानं जायचं कुठं? इथं चारी बाजूंनी दिसतंय. लपायला कोपरा दाखवा मला. आणि गेटला एकच दार आहे. आमची पोरं पळतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडणार नाही अशी दोन दारं पाहिजेत."

"फारच हृदयस्पर्शी," साहेब म्हणाले, "एका आईच्या भावना."

जयमालाबाईंनी भावना मांडल्या नव्हत्या, माप विचारलं होतं. हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं, माझ्याही नाही. जाताना त्यांनी माझ्या हातात चार पानं दिली. अकरा मुद्दे आणि एक ड्रॉइंग, मापांसकट. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, 'काढणार', 'तपासणार', 'मंजूर'. पहिल्या रकान्यात त्यांची सही, बाकीचे दोन रिकामे.

ती पानं मी अंजली मॅडमना पाठवली. त्यांना ड्रॉइंग फार आवडलं. इतकं, की त्यांनी ते स्कॅन करून उद्घाटनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फिकट निळ्या रंगात मागं टाकलं, नक्षी म्हणून. वर साहेबांचं मनोगत. अकरा मुद्द्यांतला एकही बागेत आला नाही.

खर्च मार्चमध्येच दाखवून झाला होता. उद्घाटन एप्रिलमध्ये, सकाळी अकराला. पाहुणे साडेबाराला आले. तोवर मुलांना आमच्या कंपनीच्या नावाचे टी-शर्ट घालून, डोक्यावर इलॅस्टिकच्या पिवळ्या टोप्या अडकवून रांगेत उभं केलं होतं. मानेला टोचणारी टीशर्टाची चिठ्ठी, हनुवटीखाली काचणारं इलॅस्टिक, खाली भाजणारं रबर. मुद्दाम छळायचं ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. वर ढोलताशा पथक. ते मीच सांगितलं होतं. पाहुण्यांच्या पावलाबरोबर पहिलं टिपरू पडलं आणि फुगे फुटले.

पुढची दोन मिनिटं माझ्याकडे व्हिडिओत आहेत. मी ते कुणाला दाखवत नाही. कुणी जमिनीवर लोळतंय, कुणी स्वतःच्या मनगटाला चावतंय, एक आई मुलाला पोटाशी धरून नळ्यांच्या खाली वाकलेली, आणि एक पाहुणा कौतुकानं दांडक्यानं ती नळी वाजवतोय. शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "बाई गं, सगळी अशीच असतात का?" तेवढंही त्यात ऐकू येतं.

त्या गोंधळात पुनम नाहीशी झाली. गेट सताड उघडं होतं, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी.

गेटबाहेर सहा पदरी रस्ता. मी घाबरून रस्त्याकडे धावलो, वॉचमन धावले, कुणी माईकवरून नाव पुकारायला लागलं. जयमालाबाईंनी आधी जाऊन माईकची वायर उपटली. मग बागेच्या भिंतीला उजवा हात लावला आणि भिंतीच्या कडेकडेनं, हात न उचलता, चालायला लागल्या. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, बाईंना धक्का बसलाय.

"ती अशीच चालती," त्या मागं न बघता म्हणाल्या. "भिंत सुटंस्तवर."

भिंत संपली तिथं पाठीमागं एक अरुंद पट्टी होती. करंजाची दोन जुनी झाडं, ठेकेदारानं टाकलेला राडारोडा, वाळूचा ढीग, आणि ड्रेनेजचे उरलेले तीन सिमेंटचे पाइप आडवे पडलेले. खाटेवर एक म्हातारे बसले होते, मारुतराव काटे. आजूबाजूची सगळी जमीन कधीकाळी त्यांच्या घरची. सोसायट्या झाल्या, ही एवढी पट्टी राहिली. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हाय. हितंच हाय. आवाज करू नगा."

पुनम मधल्या पाइपात होती. पाठ गोलाईला टेकवून, तळवे सिमेंटवर. टोपी बाहेर फेकलेली. डोळे उघडे, श्वास शांत. वाळूच्या ढिगाजवळ आणखी एक मुलगा होता, सार्थक नावाचा, मूठभर वाळू सोडायचा, परत भरायचा. त्याची आई दूर झाडाला टेकून न बोलता रडत होती. तोही तिथं स्वतःच पोचला होता.

आमचा फोटोग्राफर पोचलाच. मागून शेखर साहेब. "पाइपमधून मुलीचा चेहरा," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "जरा हसवा तिला."

जयमालाबाईंनी लेन्सवर पंजा ठेवला. "तुमी जावा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बागेत जावा. तिथं हसा."

आणि साहेब गेले. तिथंच उभं राहावं की त्यांच्यामागं जावं हे मला ठरवता येईना. शेवटी गेलो.

आठवड्यानं ठेकेदाराचा टेंपो तो राडारोडा न्यायला आला. रविवार होता. जयमालाबाई पाइपासमोर मोडक्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर वही. पुनम आत. ठेकेदारानं मला फोन लावला, मी गेलो. बाई उठायला तयार नाहीत.

"ताई, कंपनीचं सामान आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या जागेत?" मारुतराव खाटेवरूनच म्हणाले. "माझ्या पट्टीत यिऊन कचरा टाकताना इचारलं व्हतं का? आता त्यो माझा झाला. न्या टेंपो रिकामा."

टेंपो रिकामा गेला. मी थांबलो. कारण खरं सांगायचं तर मला घरी जायची घाई नव्हती आणि करंजाखाली गार होतं. बाईंच्या वहीत काय आहे ते पाहिलं. कुठलं मूल कुठं बसलं, किती वेळ, तोंड कुणीकडं. त्या आठवडाभरात सात मुलं तिथं यायला लागली होती. समोर नवीकोरी बाग मोकळी होती, मुलं तिच्या कडेनं वळसा घालून मागं यायची.

"बघा," बाई म्हणाल्या, "तिन्ही पाइप सारखेच. पण या कडेच्या पाइपात कुणीच बसत नाही. का?"

मी वाकून आत पाहिलं. पाइपासारखा पाइप होता.

"आत बसलं की कोण येतंय ते दिसत नाही. मधल्यातनं वाट दिसती. लपायचं तर आहे, पण नजर ठिवून." त्यांनी पेन्सिलनं तिरकी रेघ मारली. "तीस अंश फिरवायचा."

पुढच्या रविवारी टूलरूममधले चौघे जण आले, पहार आणि रोलर घेऊन. पाइप तीस अंश फिरवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यात तीन वेगवेगळी मुलं बसून गेली. मी तीस वर्षांचा पदवीधर माणूस, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवून केलेलं काम उपयोगी पडताना बघत होतो.

मग ती पट्टी हळूहळू घडली. पाइपांच्या कडा ग्राइंडरनं गोल केल्या. तो ग्राइंडर मुलं नसताना, बुधवारी दुपारी चालायचा. भंगारातल्या कन्व्हेअरच्या पट्ट्याचा झुला केला, अंगाला दोन्हीकडून घट्ट धरणारा, कारण पुनमला रजईत गुंडाळलं की बरं वाटतं आणि सार्थकलाही वाटत असल्याचं निघालं. कंबरेएवढी भिंत, न तुटता गोल फिरून पहिल्या जागी येणारी, हात लावून चालायला. वाळू दोन जागी, एक ओली, एक कोरडी. गवती चहा आणि मरवा, तोही एका कोपऱ्यातच, ज्याला वास नको त्यानं तिकडं जाऊ नये. आणि दोन दारांचं गेट. पाटी कुठंच नाही. मी सुचवली होती. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत बोललो नाही.

मी रविवारी जायला लागलो हे ऑफिसात सांगितलं नाही. लाज वाटायची. कशाची, हे अजून नक्की सांगता येत नाही.

सोसायटीला लाज वाटत नव्हती. त्यांनी लेखी तक्रार केली. दापोडीकडची मुलं येतात, त्यांचे पालक फाटकापाशी दुचाक्या लावतात, मुलं विचित्र आवाज काढतात, फ्लॅट बघायला येणाऱ्यांवर वाईट परिणाम होतो. ज्या नळ्यांवर दांडकं मारून हेच लोक रील काढत होते, त्या नळ्यांचाही मग त्यांना त्रास व्हायला लागला, तेव्हा त्या सुतळीनं बांधल्या. स्टीलच्या लाटांवर ऊन पडून समोरच्या चौथ्या मजल्यावर झळ यायची, त्यांवर फ्लेक्स टाकला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. वर्षाच्या आत रबराची टोकं वर उचलली. सकाळी तिथं बायकांचा झुंबा चालतो, संध्याकाळी केक कापतात. स्वमग्न मुलांसाठीच्या बागेत न येणारी मंडळी म्हणजे तेवढी स्वमग्न मुलं.

तक्रारीला मारुतरावांनी एका ओळीत उत्तर दिलं. "तुमी राहाताय त्यो मजला माझ्या ज्वारीच्या वावरात हाय. मी कवा आवाज केला?" पोस्टानं नाही, स्वतः चेअरमनच्या दारात जाऊन.

दुसऱ्या वर्षी पुरस्काराची जाहिरात आली. समाजोपयोगी प्रकल्प, राज्य पातळी, मुंबईत सोहळा. शेखर साहेबांनी बागेचे ताजे फोटो मागवले. मी पुढच्या बागेचे दिले. साहेबांनी ते बाजूला सारले, आणि माझ्या मोबाईलमध्ये मागच्या पट्टीचे जे होते ते बघितले. "हे काय आहे? हे तर फार भारी आहे. देशी, टाकाऊतून टिकाऊ. हेच पाठवू." अर्ज मीच लिहिला. 'आमच्या चमूनं मुलांचं बारकाईनं निरीक्षण करून' हे वाक्य माझं आहे. ते लिहिताना हात थांबला, पण फार वेळ नाही.

पुरस्कार मिळाला. जयमालाबाईंना बोलवायचं ठरलं, कारण मंचावर एक आई हवी. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं, मनातून तसं हवंही होतं. त्या आल्या. अर्धी रजा टाकून, मुरारीला पुनमजवळ बसवून, इस्त्रीची साडी नेसून. दारात त्यांच्या खांद्याला बिल्ला लावला, 'लाभार्थी माता'. त्यांनी तो वाचला आणि काढून पर्समध्ये टाकला.

शाल पडली, नारळ हातात आला, सूत्रसंचालिकेनं माईक पुढं केला. "ताई, या बागेनं तुमच्या आयुष्यात काय बदललं?"

"मी लाभार्थी न्हाई," जयमालाबाई म्हणाल्या. घाईनं नाही, कामावर बोलतात तसं. "मी ड्राफ्ट्समन आहे. तुम्ही जो फोटो लावलाय ती जागा मी काढली. टूलरूमच्या चौघांनी उभी केली, मारुतराव काट्यांच्या जमिनीत. ह्यांची बाग पुढं आहे. तिथं एकही मूल जात नाही. माझ्या ड्रॉइंगवर तपासणाऱ्याची जागा रिकामी होती, ती ह्यांनी भरलीच नाही. तपासायला खाली बसावं लागतं."

सभागृहात सणसणीत टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, बाई कृतज्ञतेनं भारावल्यात. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमालानं डोळे टिपले. शेखर साहेबांनी वाकून नमस्कार केला, आणि संगीत सुरू झालं, कारण पुढचा विभाग जलसंधारण होता. त्या बोलल्या ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. वर्तमानपत्रात 'एका आईचे अश्रू' असा मथळा आला. त्या रडल्या नव्हत्या.

परतीच्या गाडीत साहेब झोपले होते. बाई पुढच्या सीटवर. मी म्हणालो, "ताई, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "व्याकरण चांगलं होतं."

मी नोकरी सोडली नाही. तसं लिहिलं असतं तर ही गोष्ट बरी दिसली असती. यंदा आमचं पुण्य 'महिला सक्षमीकरण' आहे आणि त्याची पुस्तिका माझ्या टेबलावर आहे.

मारुतरावांनी आपल्या दोन मुलांत वाटणी करताना ती पट्टी वेगळी काढून ठेवली. त्यांचा एक मुलगा विकायला बघतोय, दुसरा नाही म्हणतोय. काय होईल ते होईल. जयमालाबाईंनी आता चाकणजवळ, माहेरच्या वाडीत, अंगणवाडीच्या मागं दुसरी जागा काढायला घेतलीय. तिथं ओम नावाचा एक मुलगा आहे, पाच वर्षांचा, दिवसभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहतो. अंगणवाडीच्या कुशाबाई त्याला रोज उचलून आत नेतात, तो रोज बाहेर येतो. बाईंनी त्यांना सांगितलंय, महिनाभर उचलू नका, फक्त सावली कशी सरकते आणि तो कसा सरकतो ते लिहून ठेवा. कुशाबाईंचा विश्वास नाही, पण लिहितायत.

परवा मला फोन आला. पाइपाचं माप घ्यायला दुसरा हात पाहिजे होता.

"रविवारी सातला या. टेप आणा, मोठी. आणि ते सेंट मारून येऊ नका हो, अजिंक्य साहेब. डोकं दुखतं त्याचं. त्याचंच न्हाई, माझंबी."

मी गेलो. आंघोळीला साबणही साधा लावला. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, टाकीपासून सात पावलांवर मला मातीत बसवलं, आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं. ओमनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग सावलीच्या कडेकडं, मग थोडा सरकला. जयमालाबाईंनी वहीत वेळ लिहिली.